काम वाढला, लिव

इंदूकाकी,

आज सकाळी पुन्हा तुला गैरहजर लावलं.

तू गेल्यापासून हजेरीचा फोन माझ्याकडे आहे. तो तुझ्या नावापासूनच सुरू होतो, कारण यादीत मुकादम सगळ्यात वर. तुझ्या नावासमोर हजर किंवा गैरहजर यांपैकी एकावर बोट ठेवल्याशिवाय दुसरं नाव उघडतच नाही. बाकीच्या बाया घमेली घेऊन बर्फाच्या कारखान्यामागे उभ्या असतात आणि मी मान खाली घालून ते बोट ठेवते. चौदा दिवस सलग गैरहजर लागलं की नाव आपोआप गळतं, असं फोनमध्येच लिहिलंय. म्हणजे तुला काढून टाकायचं काम कोणालाच करावं लागणार नाही. ही सोय मीच मागितली होती. कोणाचंही नाव कोणाच्या मर्जीने निघू नये, अशी ओळ माझ्या पत्रकात होती, तुला आठवत असेल.

तुझा मुलगा आला, तुझं दिवसकार्य केलं, घराला कुलूप लावून गेला. तुझ्या पायरीवर बसून मी हे लिहितेय. आधी काहीही लिहिलं की इथेच यायचे. तू विळीवर बांगडे साफ करत बसलेली असायचीस आणि मी मोठ्याने वाचायचे. तू मान वर न करता ऐकायचीस, आणि मध्येच विळी थांबायची. “हंय दम लागता,” म्हणायचीस. बस्स. ते वाक्य मी तोडायचे. पुढे कुठल्याही शिबिरात मला लिहिण्याबद्दल याहून कामाचं कोणी काही सांगितलं नाही. छापून आलेल्या पत्रकांत तू मग तेच बांगडे गुंडाळून शेजारी द्यायचीस. “तुझो कागद बरो आसा गो, पाणी गळणा नाय.” मी चिडायचे. तुला तेच हवं असायचं.

आमच्या घरात गोष्टींच्या पुस्तकांपेक्षा पत्रकांचे गठ्ठे जास्त. बाबा घाटावरून इथे आले ते छापखान्यात खिळे जुळवायला. मी अक्षरं शिकले ती पत्रकांच्या पाठकोऱ्या बाजूवर. माझं नाव ऐकल्यावर तू पहिलं वाक्य काय बोललीस? “किरांती? तुझ्या बापाशीन नाव ठेवताना घरात कोणाक विचारल्यान नाय काय?” बाया हसल्या. मी तेव्हा एकवीस वर्षांची होते, नगरपरिषदेच्या रोजगार योजनेत काम करणाऱ्या बायांचे प्रश्न लिहून घ्यायला आले होते, आणि माझ्या नावावर हसलेलं मला चालत नसे.

तेव्हा मजुरी रोख मिळायची. नगरपरिषदेच्या मागच्या पडवीत टेबल लागायचं. आज, उद्या, सोमवारी, मस्टरवर सही राहिली, साहेब कुडाळला गेलेत. गटारं उपसून झालेली असायची, रोपवाटिकेतल्या पिशव्या भरून झालेल्या असायच्या, आणि बाया पडवीत बसून. मी तुला पहिल्यांदा भांडताना पाहिलं ते तिथे. तू गटारातल्या गाळाने भरलेलं घमेलं आणून टेबलापासून दोन हातांवर ठेवलंस. रोखपाल म्हणाला, “अहो बाई, वास येतोय.” तू म्हणालीस, “मग लवकर वाटा ना साहेब. वास आमच्याबरोबरच जाईल.”

कचेरीत शिरलीस की तुझी भाषा पायात चप्पल घालायची. बाहेर आलीस की अनवाणी. पडवीच्या पायऱ्या उतरताना तू फिलूला म्हणालीस, “आणि अर्धो तास पैसे वाटले नसते तर घमेला टेबलार पालथा घातला असता,” आणि फिलू इतकी हसली की तिच्या हातातल्या नोटा खाली पडल्या. फिलू तुझ्या टोळीतली सगळ्यात धाकटी आणि सगळ्यात तोंडाळ; यादीत तुझ्या नावाखाली लगेच तिचं.

त्या दिवशी मी घरी जाऊन रात्रीपर्यंत पत्रक लिहिलं. मजुरी थेट खात्यात, पंधरा दिवसांच्या आत. सही राहिली, साहेब नाहीत, हे ऐकायचं नाही. मस्टर फोनवर, हिशेब सगळ्यांना दिसेल असा. दुसऱ्या दिवशी तुझ्या पायरीवर वाचून दाखवलं. तुला एकाही ठिकाणी दम लागला नाही. शेवटी तू एवढंच म्हणालीस:

“फोनाक तोंड नाय गो. पैसे इले नाय तर भांडतलंस कोणावांगडा?”

“भांडावं लागू नये म्हणूनच तर.”

“भांडूचा लागताच. भांडूक तोंड व्हया समोर.”

“आणि ज्या बाईला तुझ्यासारखं भांडता येत नाही तिने काय करायचं? तोंड बघून मिळतो तो हक्क नव्हे, काकी.”

“तेंच्यासाठी मी आसंय.”

“आणि तू नसशील तेव्हा?”

तू विळी बाजूला ठेवलीस आणि हसत म्हणालीस, “माका मारूकच बसलंस काय?”

मी म्हणाले, “म्हणूनच यंत्र पाहिजे.”

आपलं हे भांडण पाच वर्षं चाललं. घागर घासताना, जेटीवर प्लॅस्टिक वेचताना, एसटीची वाट बघताना. आपण दोघींनी ते कधी मिटवलं नाही, कारण मिटलं असतं तर बोलायचं काय?

मोर्चे झाले, निवेदनं झाली, आणि ते झालं. तुझ्या हातात नगरपरिषदेचा फोन आला. सकाळी सगळ्यांचा फोटो, दुपारी काम झाल्याची नोंद, आणि पैसे खात्यात. पहिल्यांदा पैसे वेळेत आले तेव्हा फिलू कमरेपर्यंत गटारात होती. तिचा फोन काठावर वाजला. तिने कोपराने उघडला, पाहिलं आणि ओरडली, “सायबा! इले!” मग एकेकीचा वाजत गेला. फिलू म्हणाली, “कोणी माझ्या घोवाक सांगू नका हां, तेका वाटता पैसे अजून पडवीतच मिळतत.” तिचा नवरा दर वेळी पडवीच्या पायऱ्यांवर हात पसरून उभा असायचा, आणि तिच्या हातातलं घरी पोचेपर्यंत अर्धं व्हायचं. त्या दिवसापासून ते थांबलं. तू चूळभर पाण्याने हात धुतलेस आणि माझ्याकडे न बघता म्हणालीस, “ह्या बरा केलंस.”

त्या तीन शब्दांवर मी किती दिवस काढले, तुला कधी सांगितलं नाही. आणि मी ते मागे घेत नाही, काकी. पुढे जे लिहिणार आहे ते लिहूनही मागे घेत नाही. पैसे बाईच्या खात्यात आणि वेळेत आलेच पाहिजेत. पडवी परत नको.

आता ते लिहिते, ज्यासाठी बसलेय.

तुझी नजर बारीक अक्षरावर ठरायची नाही. म्हणून दुपारची नोंद तू सांगायचीस आणि मी भरायचे. मी तुला बजावून सांगितलं होतं की तुझा शब्द मी बदलणार नाही. मजूर बोलतात एक आणि शिकलेली माणसं कागदावर उतरवतात दुसरं, हे मी पुष्कळ पाहिलं होतं. माझ्या हातून तसं होणार नाही, असं मी भाषण दिल्यासारखं म्हणाले होते. तू म्हणालीस, “बरा.”

गेल्या श्रावणात मच्छी मार्केटमागचं गटार होतं. नकाशात होतं त्याहून ते लांब निघालं. चिऱ्यांखाली दडलेला एक तुकडा सापडला आणि तो उपसायला दोन दिवस जास्त लागले. शेवटच्या दिवशी नळावर पाय धुता धुता तू मला म्हणालीस, “काम वाढला. लिव.”

कामाच्या स्थितीसमोर तीन पर्याय होते. पूर्ण, अपूर्ण, वाढीव. मी ‘वाढीव’वर बोट ठेवलं.

आपल्याकडे डब्यातले तांदूळ संपले असं म्हणत नाहीत, तांदूळ वाढले म्हणतात. बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी इथेच जन्मले. पण आमच्या घरात संपलं की संपलं म्हणायचे. बाबांना आडून बोललेलं खपत नसे, शब्द कसा खणखणीत पाहिजे, म्हणायचे. आणि तांदळासारखंच कामाबद्दलही कोणी बोलत असेल, हे माझ्या कानावर कधी आलं नव्हतं. त्यात गटार खरंच वाढलेलं. “म्हणजे काय काकी?” एवढं विचारायला किती वेळ लागला असता? पण मला तुझा शब्द जसाच्या तसा उचलायची घाई होती, त्याचा अभिमान होता. अभिमानात प्रश्न सुचत नाहीत.

काम वाढीव म्हटलं की सुधारित अंदाजपत्रक लागतं. ते मंजूर होईस्तोवर त्या कामाची सगळी मजुरी थांबते. हे बायांच्या फोनवर दिसत नव्हतं. त्यांना एकच शब्द दिसत होता: प्रक्रियेत. पंधरा दिवस झाले, वीस झाले. चतुर्थी आली. बारा घरांत त्या पैशांवर चतुर्थी होती. फिलूच्या ख्रिस्ती घरात गणपती नाही, पण शाळेची फी होती. तू नगरपरिषदेत गेलीस, घमेलं नेलं नाहीस. टेबलावरच्या मुलाने संगणकाचा पडदा तुझ्याकडे वळवून दाखवला. प्रक्रियेत. तो बिचारा अदबीने बोलत होता. बाहेर येऊन तू म्हणालीस, “ह्येच्या तोंडार काय ओतू? ह्येचो काय संबंध नाय.”

मी काय केलं? पत्रक काढलं. यंत्राआड लपून गरिबांच्या तोंडचा घास अडवणाऱ्यांना, अशी सुरुवात. चतुर्थीच्या आधीच्या बाजारात शंभर वाटली. तुला वाचून दाखवायला वेळ नव्हता, किंवा तुला कुठे दम लागेल याची धास्ती होती.

चतुर्थीला तू मला जेवायला बोलावलंस. गणपतीवर टांगलेल्या तुझ्या माटवीला त्या वर्षी बाजारातलं एकही फळ नव्हतं. डोंगरातून आणलेली कवंडळं आणि परड्यातल्या सुपाऱ्या. मी वर बघत बसले. तू भाताची पळी घेऊन उभी राहिलीस. “वाढू गो?” म्हणालीस. तेव्हासुद्धा, काकी, तो शब्द माझ्या पानावर पडला तेव्हासुद्धा मला कळलं नाही.

विसर्जनानंतर आपण जिल्ह्याच्या कचेरीत गेलो. तिथल्या बाईंनी दोन मिनिटांत शोधून काढलं. “ही नोंद तुमच्याकडूनच आलीय. काम वाढीव दाखवलंय. वाढीव नव्हतं का?” तू माझ्याकडे पाहिलंस. तुला कळायला एक क्षण लागला, मला दोन. मी तोंड उघडायच्या आत तू पुढे झालीस, भाषेच्या पायात चप्पल सरकवून. “माझीच चूक, मॅडम. काम पूर्ण झालंय. मी सांगितलं तसं तिने लिहिलं.”

पूर्ण झालंय. तुला तो शब्द येत होता! कचेरीत तू तो बरोबर वापरलास. मला सांगताना वापरला नाहीस, कारण मी तुला कचेरी वाटत नव्हते. नळावर पाय धुता धुता तू माझ्याशी घरचं बोललीस, आणि मी ते कचेरीच्या चौकटीत टाकलं. हे मला त्या खुर्चीसमोर उभं असताना कळलं नाही. एसटीत कळलं, कुडाळ सोडल्यावर, तू खिडकीबाहेर बघत हळूच म्हणालीस तेव्हा: “पोटाक घालता ता काम. तेका संपला म्हणूचा नाय. माझ्या आवशीन शिकयला.”

मी म्हणाले, “मी उद्या सगळ्यांना सांगते. चूक माझी आहे.”

“काय सांगतलंस? आता खंय बायलो त्या फोनार विश्वास ठेवूक लागल्यो. तू चुकलंस म्हटल्यार म्हणतल्यो, फोनच वायट, पडवीच बरी होती. माझा चुकला म्हणान सांगतंय. माझ्यार राग धरून त्या खंय जातल्यो?”

फोनाक तोंड नाय म्हणणारी तू, त्या फोनासाठी सगळ्या जणींचा राग अंगावर घ्यायला निघालीस. आणि मी, जिचं अर्धं आयुष्य ‘सत्य बोला’ छापण्यात गेलंय, मी गप्प बसले. मला ते सोयीचं होतं. हे वाक्य लहान आहे, इथे दम लागायचं कारण नाही. तरी लागतोय.

दुसऱ्या दिवशी तू जेटीवर सगळ्यांना सांगितलंस. मग फिलू बोलली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. “मुकादमणीक फोन कळना नाय, तर मुकादमकी कित्याक व्हयी?” तू खाली वाकून टोपली उचललीस. मी तुझ्यापासून चार पावलांवर होते. पैसे दसऱ्याच्या सुमारास आले, राग हळूहळू गेला, फिलू पुन्हा तुझ्या डब्यातली आमटी ओरपायला लागली. पण तिने माफी मागितली नाही, आणि मी सांगितलं नाही. ते बाजारात वाटलेलं पत्रकही मी मागे घेतलं नाही. सांगेन, सांगेन म्हणत राहिले. मला वाटायचं, तू आहेसच.

आपलं भांडण कुठवर आलं होतं, ऐक. तुझं बरोबर होतं, निम्मं. पडद्यावर नुसतं प्रक्रियेत दिसतं, तिथे पैसे कशापायी अडलेत आणि कोणाच्या टेबलावर अडलेत ते बाईला तिच्या फोनवर दिसलं पाहिजे. त्या दिवशी ‘वाढीव’ हा शब्द फिलूच्या फोनवर दिसला असता, तर तिने संध्याकाळीच माझी गचांडी धरली असती आणि चतुर्थीच्या आत सगळं निस्तरलं असतं. यंत्राला तोंड देता येतं, काकी. तसं निवेदन मी लिहायला घेतलंय. तोंड हा शब्द तुझा. हे तुला सांगायचं होतं त्या आठवड्यात तुला बरं नव्हतं, म्हणून म्हटलं, जरा उठून बसू दे, मग भांडू.

निवेदन मोठ्याने वाचून बघितलं. तुझ्या पायरीवर माझा आवाज मलाच परका वाटला. समोरच्या घरातली बाई बाहेर येऊन बघून आत गेली.

आज चौदावा दिवस होता. तुला गैरहजर लावलं आणि फोन खाली ठेवून बायांना म्हणाले, मला काहीतरी सांगायचंय. सगळं सांगितलं. नळ, वाढीव, एसटी. पत्रकात लिहिते तसं नीट सांगता आलं नाही, मागचं पुढे झालं.

फिलू घमेलं कमरेवर धरून ऐकत होती. ती रागावेल असं वाटलं होतं. तिने घमेलं या कमरेवरून त्या कमरेवर घेतलं. मग म्हणाली, “मगे त्या दिवशी मी काकीक बोललंय ता?”

ती एक पाऊल पुढे आली.

“ता आता खंय नेवन ठेवू, सांग. तू एवढा मोठमोठा लिवतंस. एक शब्द विचारूक काय झाला होता तुका? आणि नाय विचारलंस तर नाय, मागसून सांगूक तरी तोंड होता मा?”

तोंड होतं. तू टेबलाजवळ घमेलं ठेवलंस तसं तिने ते वाक्य बरोबर ठिकाणी ठेवलं.

ती पाठ फिरवून कामाला लागली. सगळ्याच लागल्या. बर्फाच्या कारखान्यामागचं गटार आज पुरं व्हायचं होतं. मी फावडं घेतलं. चार तास कोणी माझ्याशी बोललं नाही, आणि ते मला रास्त वाटलं. तुझ्या जागी मी असते तर जेटीवरचा तो दिवस कसा काढला असता, याचा अंदाज आला. तू तो काढलास आणि संध्याकाळी मला सोलकढी पाठवलीस.

दुपारी बाया नळावर गेल्या. मी फोन घेऊन बाजूला उभी. पाय धुऊन फिलू आली, ओले हात लुगड्याला पुसत माझ्या शेजारी उभी राहिली. माझ्याकडे नाही, पडद्याकडे बघत होती.

“चल,” म्हणाली. “काम वाढला. लिव.”

मी थांबले. “म्हणजे पूर्ण झालं ना, फिलू?”

“झाला गो बाय. झाला.”

‘पूर्ण’वर बोट ठेवलं. तिने ते बोट बरोबर जागी पडलंय का, वाकून पाहिलं. खाली शेऱ्याची एक रिकामी चौकट असते, आपण ती कधीच भरली नव्हती. तिथे मी तुझा शब्द लिहिला, जसाच्या तसा. त्या चौकटीत तो कोणाची मजुरी अडवत नाही.

उद्या यादी फिलूच्या नावापासून सुरू होईल.